पीपी८ लावू की नको? आठ बिट कॅमेऱ्यावर लग्न शूट करणाऱ्याला उत्तर

पीपी म्हणजे पिक्चर प्रोफाइल, कॅमेऱ्यात रंग आणि उजेड ठरवणाऱ्या सेटिंगचा क्रमांक दिलेला संच. पीपी८मध्ये एस-लॉग३ असतं, म्हणजे उजेड-अंधाराची जास्तीत जास्त रेंज (डायनॅमिक रेंज) साठवणारं फिकं चित्र, ज्याला रंग नंतर द्यावे लागतात. आलेला प्रश्न थोडक्यात असा होता: ‘माझ्याकडे सोनी ए६४०० आहे. यूट्यूबवर सगळे एस-लॉग३ लावा म्हणतात, म्हणून पीपी८ लावून दोन लग्नं केली. हळदीचं फुटेज बरं आलं, पण रिसेप्शनचं उजळवलं की काळ्या भागात नुसते किडे वळवळतात, चेहरे हिरवट दिसतात आणि मिक्सिंगला (एडिटिंगला) तीन आठवडे गेले. रंग चांगले यावेत आणि डायनॅमिक रेंजही मिळावी, तर नेमकं कोणतं पीपी लावू?’

आधी हे सांगतो की तुम्ही पीपीचा नंबर विचारलाय, पण तुमच्या तीन तक्रारी तीन वेगळ्या ठिकाणच्या आहेत. किडे, म्हणजे नॉईज, एक्स्पोजरमधून आलेत, आणि त्यांना पीपी८ने मोठं केलंय. हिरवट चेहरा व्हाइट बॅलन्समधून (कॅमेरा कशाला पांढरं समजतो त्यातून) आणि हॉलच्या लाइटमधून आलाय, त्यात पीपीचा दोष जवळजवळ नाही. तीन आठवडे मात्र पूर्णपणे पीपी८मुळे गेलेत. नंबर बदलून शेवटची तक्रार संपेल, पहिली अर्धी होईल आणि मधली तशीच राहील.

नंबर मी सांगणारच आहे, पण तो डोळे मिटून घेऊ नका. तुम्ही एकटे शूट करता की सोबत दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा असतो, मिक्सिंग स्वतः करता की बाहेर देता, पार्टीला (गिऱ्हाइकाला) तीन मिनिटांचा टीझर हवाय की चार तासांचा अख्खा कार्यक्रम, यावर उत्तर बदलतं. मी नाशिकच्या बाजूला चौदा वर्षं लग्नांची कामं करतोय. मेन बॉडी ए७एस३ आणि गिंबलवर तुमचाच ए६४००. त्यामुळे तुमच्या कॅमेऱ्याच्या खोडी मला घरच्या माणसासारख्या माहीत आहेत.

आता मूळ मुद्दा. ए६४०० आत जे रेकॉर्ड करतो ते आठ बिट असतं, म्हणजे लाल, हिरवा, निळा या प्रत्येकाला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत फक्त २५६ पायऱ्या. प्रत्यक्ष वापरात १६ ते २३५ धरल्या तर २२०च. सेन्सरला किती उजेड-अंधार एकत्र दिसतो, हे पीपी ठरवत नाही. जे दिसलंय ते या दोनशेवीस पायऱ्यांवर कसं वाटायचं, एवढंच पीपी ठरवतं. पायऱ्या वाढत नाहीत. उजेडाला जास्त दिल्या की चेहऱ्याच्या कमी होतात.

हे आकड्यांत बघा, कारण मलाही आकडे मांडल्यावरच पटलं होतं. मधला राखाडी, म्हणजे १८ टक्के उजेड परावर्तित करणारं कार्ड, आणि ९० टक्क्यांचा पांढरा कागद यांच्यात सव्वादोन स्टॉपपेक्षा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) थोडं जास्त अंतर असतं. आपल्याकडचे बहुतेक चेहरे याच पट्ट्यात किंवा त्याच्या आसपास बसतात. साध्या ७०९ गॅमात (टीव्हीच्या नेहमीच्या मानकाप्रमाणे उजेड पायऱ्यांवर वाटण्याच्या पद्धतीत) हा पट्टा साधारण ४१ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत पसरलेला असतो. एस-लॉग३मध्ये तोच पट्टा ४१ ते ६१ एवढाच. हिशोब केला तर चेहऱ्याच्या भागात ७०९मध्ये दर स्टॉपला पन्नासेक पायऱ्या मिळतात, एस-लॉग३मध्ये वीसेक. उरलेल्या पायऱ्या एस-लॉग३ने वरच्या ढगांसाठी आणि खालच्या सावल्यांसाठी राखून ठेवलेल्या असतात. लग्नात ते ढग कोणी बघत नाही.

मिक्सिंगला बसल्यावर तुम्ही लट (लॉगचे फिके रंग नेहमीच्या रंगांत बदलणारी तयार फाइल) लावता तेव्हा या वीस पायऱ्या ताणून पन्नासच्या जागेत बसवता. मधल्या तीस कुठून येणार? कुठूनच नाही. म्हणून गालावर, भिंतीवर, संध्याकाळच्या आकाशात पट्टे दिसतात, आणि त्यासोबत नॉईजही अडीच पट ताणला जातो. त्यात भर म्हणजे ४:२:० सॅम्पलिंग. यात रंगाची माहिती दर चार पिक्सेलमागे एकदाच साठवली जाते. पीपी८चं एस-गॅमट३.सिने हे रंगांचं भांडं सिनेमागृहाच्या पी३पेक्षाही थोडं मोठं आहे. एवढ्या मोठ्या भांड्यातून ७०९च्या वाटीत रंग ओतायचे म्हणजे ते आणखी ताणायचे. दहा बिटवर हे सगळं आरामात निभतं. तिथे १०२४ पायऱ्या असतात आणि एस-लॉग३ला दर स्टॉपला जवळजवळ ८० मिळतात. यूट्यूबवरचे बहुतेक लोक दहा बिट कॅमेऱ्यावर बोलत असतात, आणि आपण ऐकतो ते आठ बिट हातात घेऊन.

मग ए६४००वर एस-लॉग३ कधीच लावायचं नाही का? मी वर्षातून तीन-चार वेळा लावतो. प्रीवेडिंगला, उघड्यावर, सूर्य मागे असताना, जिथे मी शॉट दोनदा घेऊ शकतो आणि फुटेज एकूण पंधरा-वीस मिनिटांचंच असतं तिथे. तुमचं हळदीचं फुटेज बरं आलं त्याचंही कारण हेच असणार: भरपूर ऊन, म्हणजे सेन्सरला भरपूर प्रकाश, म्हणजे ताणलं तरी नॉईज दिसला नाही. रिसेप्शनला उलटं झालं. या कॅमेऱ्यावर एस-लॉगमध्ये आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ५००च्या खाली जाताच येत नाही, आणि हॉलमध्ये तुम्ही नक्की ३२०० किंवा त्याच्या वर असणार. शिवाय मीटर शून्यावर ठेवला असेल. आठ बिट एस-लॉग३ला मीटर शून्य म्हणजे अंडरच (कमी उजेडाचंच) समजा. ते सव्वा ते दीड स्टॉप वर मारावं लागतं आणि मग मिक्सिंगला खाली आणावं लागतं. अंधाऱ्या हॉलमध्ये दीड स्टॉप आणणार कुठून? आयएसओ आणखी वाढवून. म्हणजे ज्या ठिकाणी उजेडच कमी आहे तिथे उजेडाची रेंज वाचवण्यासाठी आपण सावल्या खराब करून घेतो.

उन्हातही एक किंमत मोजावी लागते. दुपारच्या कडक उन्हात २५ फ्रेम, शटर १/५०, एफ २.८ आणि आयएसओ १०० धरलं तर साधारण सहा स्टॉपचा एनडी (लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी काच) लागतो. तोच आयएसओ ५०० असेल तर आठ स्टॉपच्या पुढे. स्वस्तातला व्हेरिएबल एनडी एवढा फिरवला की फ्रेममध्ये काळी फुली उमटते आणि चेहऱ्यावर हिरवट-पिवळट छटा बसते. मी अशी एक अख्खी वरात घालवली आहे. वरातीतल्या पांढऱ्या घोड्यापासून नवरदेवाच्या फेट्यापर्यंत सगळं शेवाळलं होतं. चूक कोणाची नव्हती, माझीच.

आता लग्नाला काय लावायचं ते सांगतो. माझ्या ए६४००वर पीपी६ उघडून त्यात मी गॅमा सिने२चा सिने४ केला आहे. सिने४ सावल्या थोड्या मोकळ्या ठेवतो, म्हणजे काळ्या शेरवानीच्या घड्या आणि केस दिसत राहतात, आणि तरीही चित्र कॅमेऱ्यातून बाहेर येतं तेव्हाच जवळपास तयार असतं. ब्लॅक लेव्हल शून्य. काही जण ती +१५ करून ‘फिल्मी’ लुक आणतात. खाली आधीच मोजक्या पायऱ्या आहेत, त्यात राखाडी धुकं कशाला भरायचं? कलर मोड स्टिल. प्रो मोडही वापरून बघा, त्यात त्वचा जरा शांत येते, पण पैठणीचा जांभळा मला त्यात मलूल वाटतो. सॅच्युरेशन -२ किंवा -३, कारण शालूचा लाल आणि हळदीचा पिवळा कॅमेऱ्यातच गच्च भरला तर नंतर कमी करूनही त्यातले पोत परत येत नाहीत. डिटेल -४. शून्यावर ठेवलं की नथीच्या मोत्यांना आणि मुंडावळ्यांच्या कडांना पांढरी रेघ येते, व्हिडिओ टीव्ही मालिकेसारखा दिसतो. कलर फेज आणि कलर डेप्थ या दोन ठिकाणी हात लावू नका. सहा रंगांचे सहा स्लायडर हलवून रात्रभर बसणारे मी पाहिलेत. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या हॉलमध्ये ते सगळं वाया जातं.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पीपी चालू असताना क्रिएटिव्ह स्टाइलचं काहीही लागू होत नाही. तुम्ही न्यूट्रल निवडून कॉन्ट्रास्ट -३ करत बसाल आणि त्याचा चित्रावर शून्य परिणाम होईल. दोन्हींपैकी एकच. मिक्सिंग बाहेर देत असाल आणि मिक्सिंगवाल्याला रंगांशी घेणंदेणं नसेल, तर पीपी बंद, न्यूट्रल, कॉन्ट्रास्ट -२, सॅच्युरेशन -१, शार्पनेस -२ हेही वाईट नाही. ट्रॅडिशनलच्या ऑर्डरला, जिथे चार तासांचा कार्यक्रम पेन ड्राइव्हमध्ये जायचा असतो, मी अजूनही हेच लावतो.

आता डायनॅमिक रेंजकडे येऊ, कारण तिचंच नाव घेऊन तुम्ही पीपी८कडे गेलात. लग्नाच्या मंडपात नेमकी किती रेंज लागते हे कधी मोजलंय का? अंतरपाटाचा प्रसंग घ्या. गुरुजी मंगलाष्टकं म्हणतायत, मध्ये पांढरा अंतरपाट, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक, अलीकडे नवरी, पलीकडे नवरा. पांढरं कापड आणि गव्हाळ चेहरा एकाच उजेडात असतील तर दोघांत फार तर दीड-पावणेदोन स्टॉपचा फरक असतो. हा कोणत्याही गॅमात मावतो. मुंडावळ्या, तांदळाच्या अक्षता, शेला, काळी टोपी असं सगळं धरलं तरी मावतं. रेंज फुटते ती मागे. लॉन्सच्या मंडपाची एक बाजू उघडी असते, तिथून उन्हातलं गवत दिसतं, आणि ते चेहऱ्यापेक्षा चार-पाच स्टॉप वर असतं. ते वाचवायला आपण एस-लॉग३ लावतो आणि चेहऱ्याच्या पायऱ्या गवताला दान करतो. लॉन्सचं गवत बघायला कोणी लग्नाचा व्हिडिओ लावत नाही.

मी काय करतो? मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी दोन पावलं सरकतो. मागे उघडं ऊन न येता मंडपाचं कापड किंवा फुलांचं बॅकड्रॉप येईल असा कोन धरतो. ते शक्य नसेल तर चेहऱ्यांवर एक एलईडी पॅनल, सॉफ्टबॉक्स लावून, थोडा उंचावर. चेहरा एक स्टॉप वर आला की मागचं ऊन तेवढंच जवळ येतं. हा एक स्टॉप कुठलाही पीपी देत नाही, तीन-चार हजारांचा लाइट देतो. आणि तरीही गवत बर्न झालं तर होऊ द्या.

याच प्रसंगात मी सुरुवातीच्या काळात मोठा मार खाल्ला होता. एक्स्पोजर ऑटोवर होतं. अंतरपाटाने अर्धी फ्रेम व्यापली, कॅमेऱ्याला वाटलं उजेड फार झाला, त्याने चित्र खाली ओढलं. ‘शुभमंगल सावधान’ झालं, गुरुजींनी अंतरपाट सर्रकन काढला, आणि ज्या क्षणी नवरा-नवरीने एकमेकांकडे पाहिलं त्या क्षणी दोघांचे चेहरे काळवंडलेले. मग हार घालता घालता चित्र हळूहळू उजळत गेलं. नवरीच्या वडिलांनी तो भाग माझ्यासमोर तीनदा मागे नेऊन पाहिला, काही बोलले नाहीत. तेव्हापासून शटर, अपर्चर, आयएसओ तिन्ही हातात. विधी सुरू असताना ऑटो आयएसओ नाही.

एक्स्पोजर बसवायला झेब्रा, म्हणजे ठरवलेल्या उजेडावर स्क्रीनवर उमटणाऱ्या रेघा, वापरा. मीटर भुलतो, साध्या उजेडात झेब्रा भुलत नाही. पण आकडा आपला लावा. ‘त्वचेला ७०’ हा जो सगळीकडे फिरणारा आकडा आहे तो गोऱ्या कातडीचा आहे. सावळ्या नवरदेवाला ७०वर नेलंत तर तो पीठ लावल्यासारखा दिसेल आणि त्याची आई पहिली विचारेल. सिने४मध्ये मी गव्हाळ चेहऱ्याच्या उजेडाकडच्या गालाला ५५ ते ६० ठेवतो, सावळ्याला ४५ ते ५०. ए६४००मध्ये झेब्राच्या सी१मध्ये ५५ आणि ±५ ठेवलं की रेघा फक्त तेवढ्याच उजेडावर येतात. सी२मध्ये ९५ आणि वर, म्हणजे कापड किंवा दागिना फुटतोय का ते कळतं. नवरीचा गाल धरायचा, नवऱ्याचा नाही. मेकअपमुळे तिचा चेहरा हाताच्या रंगापेक्षाही उजळ असतो, तो आधी फुटतो. नवरा थोडा खाली गेला तर मिक्सिंगला उचलता येतो.

आता तुमचा हिरवट चेहरा. कार्यालयाच्या छतात पांढऱ्या ट्यूब, स्टेजवर पिवळे बल्ब, मागे एलईडी वॉल, शेजारी तुमचा स्वतःचा पॅनल ५६००वर. व्हाइट बॅलन्स ऑटोवर असला की एलईडी वॉलवर चित्र बदललं की तुमचा रंग बदलतो. एकाच शॉटमध्ये चेहरा हिरवट, मग गुलाबी, मग निळसर होतो, आणि हे लटने दुरुस्त होत नाही, कारण प्रत्येक सेकंदाला चूक वेगळी असते. स्टेजवर जाऊन पांढरा कागद नव्हे, राखाडी कार्ड धरा (कागदात बऱ्याचदा निळ घातलेली असते), कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या आणि तो कार्यक्रम संपेपर्यंत हलवू नका. कार्ड नसेल तर केल्विन (उजेडाच्या पिवळ्या-निळ्या रंगाचा आकडा) हाताने ठेवा. पिवळ्या लाइटच्या स्टेजला मी ३८०० ते ४२०० ठेवतो. ३२०० ठेवलं तर चेहरे बरोबर येतात, पण समईची ऊब जाते. छतातल्या ट्यूबचा हिरवेपणा काढायला व्हाइट बॅलन्सच्या चौकोनात मॅजेंटाकडे एखाद-दुसरा टप्पा सरका. आणि तुमचा पॅनल बायकलर असेल तर तोही स्टेजच्या रंगाला आणा. एका गालावर पिवळा आणि दुसऱ्यावर निळा लाइट पडला की जगातलं कुठलंच पीपी मदतीला येत नाही.

हळदीला हे आणखी जपावं लागतं. हळदीच्या मंडपाला पिवळं कापड असतं, दुपारचं ऊन त्यातून गाळून खाली येतं, आणि चेहऱ्यावर तर हळद असतेच. ऑटो व्हाइट बॅलन्सला वाटतं फार पिवळं झालं, तो निळा ओततो. परिणाम असा की हळद मातकट आणि पांढरे कपडे निळे. इथे कार्ड मंडपाखाली न धरता मी ५२००-५६०० हाताने ठेवतो. थोडं पिवळं येऊ देतो. हळद पिवळीच दिसायला हवी. माणसं खूपच पिवळी दिसत असतील तर मंडपाच्या कडेला, जिथे मोकळा उजेड येतो, तिथे पाट सरकवायला सांगतो. सकाळी डेकोरेशनवाल्याशी आणि घरच्या एखाद्या काकूंशी गोडीत बोलून ठेवलं की पाट सरकतो.

पण रिसेप्शनचं सगळ्यात मोठं दुखणं वेगळंच आहे, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. निळे आणि जांभळे पार लाइट, म्हणजे स्टेजवरचे रंगीत दिवे. चेहरा निळा प्लास्टिक होतो, त्यात नाक-डोळे दिसत नाहीत, आणि झेब्रा गप्प असतो. कारण झेब्रा आणि हिस्टोग्रॅम एकूण उजेड मोजतात, आणि ७०९च्या हिशोबात त्या उजेडात हिरव्याचा वाटा ७१ टक्क्यांच्या वर, लालचा २१च्या आसपास आणि निळ्याचा जेमतेम ७ टक्के असतो. निळा चॅनल भरून वाहून गेला तरी एकूण उजेड कमीच दिसतो. लाल शालूवर लाल लाइट पडला की हेच होतं, थोडं कमी प्रमाणात. अशा वेळी झेब्रावर विश्वास न ठेवता एक-दीड स्टॉप खाली या, मग चॅनल फुटत नाही. आणि लाइटवाल्याकडे जा. ‘दादा, स्टेजवर समोरून वॉर्म ठेवा, निळा फक्त मागे बॅकड्रॉपवर मारा’, एवढं वाक्य मी दर रिसेप्शनला बोलतो. दहातले सात जण ऐकतात. उरलेले तिघे डीजेच्या तालावर शार्पी (अरुंद झोताचे फिरते दिवे) फिरवत बसतात. त्या वेळी मी वाइड शॉट घेतो आणि चेहऱ्यांचे शॉट जेवणाच्या पंगतीत किंवा स्टेजच्या खाली करून ठेवतो.

चमक आणि पट्ट्यांचा प्रश्न असेल तर तोही रंगाचाच भाग समजा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून कॅमेरा पॅलवर (५० हर्ट्झला जुळणाऱ्या व्हिडिओ सेटिंगवर), २५ फ्रेम, शटर १/५०. ३० फ्रेम लावलीत तर ए६४००वर फोरकेमध्ये चित्र कापलंही जातं, म्हणजे अरुंद हॉलमध्ये वाइड लेन्सचा फायदा गेला. स्लोमोशनला फुलएचडीत १०० फ्रेम आणि शटर १/१००. तिथे उजेड निम्मा होतो हे आयएसओ बसवताना लक्षात ठेवा.

एचएलजीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पीपी१०, ज्यात एचएलजी हा एचडीआरचा गॅमा असतो, डोळ्यासमोर असेलच. हे बीबीसी आणि एनएचके या प्रसारकांनी मिळून बनवलेलं. आठ बिटवर ते एस-लॉग३पेक्षा नक्कीच दमाने वागतं, चेहऱ्याला जास्त पायऱ्या देतं आणि आयएसओही खाली येतो. मी ते दिवसाच्या वरातीला वापरतो, पण कलर मोड बीटी.२०२०वरून ७०९ करून. तसं केलं नाही तर साध्या टाइमलाइनवर रंग धुतल्यासारखे दिसतात आणि काही फोन ते एचडीआर समजून भलतंच चमकवतात. एचएलजी आणि सिने४ एकाच कार्यक्रमात मिसळू नका. दोन्हींचे चेहरे जुळवता जुळवता तुमचे तीन आठवडे परत येतील.

सोबत दुसरा माणूस कॅनन किंवा निकॉन घेऊन असेल तर दोघांनी आपापला लॉग लावून ‘मिक्सिंगला जुळवू’ म्हणणं सगळ्यात महाग पडतं. दोघांनी साधा, कमी कॉन्ट्रास्टचा प्रोफाइल, एकच केल्विन आणि एकाच कार्डवर कस्टम व्हाइट बॅलन्स घ्यायचा. सुरुवातीला दोन्ही कॅमेऱ्यांवर तेच कार्ड आणि त्याच माणसाचा चेहरा पाच सेकंद शूट करून ठेवा. मिक्सिंगला तो क्लिप जोडीने ठेवला की पहिल्या पंधरा मिनिटांत अर्धं काम होतं.

पुढे कधी दहा बिटवर गेलात, ए७एस३, ए७ फोर किंवा एफएक्स३० घेतलात, तर हिशोब बदलतो. तिथे एस-लॉग३ विचारपूर्वक वापरण्यासारखं आहे, ए७एस३वर ६४० आणि १२८०० हे त्याचे दोन बेस आयएसओ. पण खरं सांगू, माझ्या ए७एस३वरही लग्नाच्या दिवशी बहुतेक वेळा एस-सिनेटोनच (सोनीचा, त्वचा मऊ आणि चित्र जवळपास तयार देणारा प्रोफाइल) असतं. मी ते फुटेज रविवारी घेतो आणि पुढच्या गुरुवारी पुढची ऑर्डर असते. ए६४००वर एस-सिनेटोन नाही, म्हणून त्याच्या जवळ जायला सिने४.

तर आता हे करा. पुढच्या ऑर्डरच्या आधी एका संध्याकाळी घरात कुणालातरी खुर्चीत बसवा. अंगावर लाल किंवा जांभळी साडी, हातात काळा शर्ट, शेजारी पांढरा टॉवेल, मागे चालू टीव्ही. एकदा पीपी८, मीटर शून्य. एकदा पीपी८, दीड स्टॉप वर. एकदा सिने४, गालाला झेब्रा ५५. एकदा पीपी बंद, न्यूट्रल. प्रत्येकी दहा सेकंद, आयएसओ आधी ८००, मग सगळं परत ३२००ला. आठ क्लिप. घड्याळ लावून प्रत्येक क्लिप ‘पार्टीला देता येईल’ इथपर्यंत आणा, आणि किती मिनिटं लागली ते लिहा. मग लॅपटॉपवर न बघता पेन ड्राइव्ह घेऊन शेजाऱ्यांच्या टीव्हीवर बघा, आणि टीव्हीचा मोड विविड असेल तर तसाच राहू द्या, कारण नवरीच्या घरी तो तसाच असतो. एक क्लिप व्हॉट्सॲपवरही स्वतःला पाठवा. बारीक पट्टे आणि किडे तिथे सगळ्यात आधी उघडे पडतात.

३२००च्या पीपी८ क्लिपमध्ये काळ्या शर्टाच्या घडीकडे नीट बघा. तुमच्या रिसेप्शनचे किडे तिथेच सापडतील. आठही क्लिपमधला एकेक स्थिर फोटो आणि सोबत लागलेली मिनिटं लिहून टाका, मग तुमच्या कॅमेऱ्याला सॅच्युरेशन आणखी कमी हवं की नको ते बघून सांगतो.